उजळणी म्हणजे आठवणे

मराठीत 'उजळणी' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. शिकलेल्या भागाची पुन्हा तयारी करणे हा त्याचा एक अर्थ सर्वांच्या ओळखीचा आहे; दुसरा अर्थ आता काहीसा मागे पडला असला तरी जुन्या पिढीच्या कानात तो अजून आहे, आणि तो म्हणजे पाढ्यांचे पाठांतर व त्या पाढ्यांचे लहानसे पुस्तक. या शब्दाच्या मुळाशी 'उजळणे' ही क्रिया आहे. काळवंडलेले तांब्याचे भांडे चिंच लावून घासले की उजळते आणि फडताळात तसेच पडून राहिले की पुन्हा काळे पडते. स्मृतीचेही बरेचसे असेच असल्यामुळे पूर्वसूरींनी शब्द अचूक निवडला असे म्हटले पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो, की स्मृतीला उजाळा नेमका कशाने मिळतो. दहावी-बारावीचा आजचा विद्यार्थी उजळणीला बसतो तेव्हा तो बहुधा पुस्तक उघडतो, धडा पुन्हा वाचतो, महत्त्वाच्या ओळी रंगीत पेनने रंगवतो आणि वाचून झालेल्या धड्यापुढे बरोबरची खूण करतो. गेल्या सुमारे १४० वर्षांत स्मृतीवर जे प्रयोग झाले, त्यांचा कौल मात्र या पद्धतीच्या बाजूने नाही. माहिती पुन्हा पुन्हा आत घालण्यापेक्षा, आत गेलेली माहिती पुस्तकाच्या मदतीवाचून बाहेर काढण्याने स्मृती अधिक उजळते, असे या प्रयोगांतून दिसून आले आहे.

हे तत्त्व मराठी घरांना अगदीच अपरिचित होते असे नाही. तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागल्यावर मुलांनी परवचा म्हणावा, असा प्रघात अनेक घरांत होता. परवचा म्हणजे स्तोत्रे, वार, तिथी, महिने, नक्षत्रे आणि पाढे यांचे तोंडी म्हणणे. त्यात साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. या प्रघातात तीन गोष्टी आपोआप साधल्या जात: मुलाच्या हातात पुस्तक नसे, म्हणजे जे यायचे ते आठवणीतूनच यावे लागे, म्हणणे रोजचे असे, म्हणजे एकाच दिवशी तासन्‌तास घोकण्याची वेळ येत नसे, आणि ऐकणारे कोणी वडीलधारे माणूस समोर असे, म्हणजे चूक झाली की ती तिथल्या तिथे दुरुस्त होई. परीक्षेच्या तयारीबद्दल मानसशास्त्राने पुढे जे सांगितले, त्याचा बराचसा भाग या तीन गोष्टींतच सामावलेला आहे.

विस्मरणाचे मोजमाप

विसरण्याचा वेग मोजण्याचा पहिला शिस्तबद्ध प्रयत्न हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने केला आणि त्याचे निष्कर्ष १८८५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पूर्वीची ओळख किंवा अर्थ यांची मदत स्मृतीला मिळू नये म्हणून त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि ठरावीक काळानंतर त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजले. या वाचलेल्या श्रमांना त्याने 'बचत' म्हटले. पाठांतरानंतर सुमारे २० मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, तासाभराने ती ४४ टक्क्यांवर आली, एका दिवसानंतर ३४ टक्के उरली आणि महिनाभराने २१ टक्के. हे आकडे निरर्थक अक्षरांचे आहेत. समजून घेतलेला धडा इतक्या झपाट्याने पुसला जात नाही. तरीही त्यांतून दिसणारा वक्र सर्वसाधारणपणे लागू पडतो: विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत व पहिल्या दिवसात घडतो आणि त्यानंतर उतार सौम्य होत जातो.

या वक्रातून विद्यार्थ्याला दोन गोष्टी कळतात. वर्गात आज कळलेला भाग परवा आठवला नाही, तर त्यात बुद्धीचा दोष नाही, कारण तो स्मृतीचा सर्वांना सारखाच लागू असलेला धर्म आहे. आणि पहिली उजळणी परीक्षेच्या महिन्यापर्यंत लांबवली, तर ती उजळणी राहत नाही, धडा जवळजवळ नव्याने शिकावा लागतो.

वाचल्याचा भास आणि आठवल्याची खात्री

पुन्हा वाचणे आणि आठवून पाहणे यांची समोरासमोर तुलना करणारा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शास्त्रविषयक छोटे उतारे देण्यात आले. एका गटाने उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्याला ८३ टक्के भाग आठवला, तर लिहून काढणाऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले आणि वाचणाऱ्या गटाजवळ ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्या गटाजवळ ६१ टक्के भाग शिल्लक होता. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला असता सर्वांत जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्या गटानेच दाखवला होता.

या फसगतीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एखादे पान तिसऱ्यांदा वाचताना डोळे सराईतपणे पुढे सरकतात, पुढच्या ओळीत काय आहे याची चाहूल आधीच लागते, आणि वाचण्यातली ही सफाई मन 'येते' या सदरात जमा करते. प्रत्यक्षात ही नुसती ओळख असते. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखणे आणि घरी बसून त्याचे नाव आठवणे या जशा निराळ्या गोष्टी, तसेच पान ओळखीचे वाटणे आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर त्यातला मजकूर उतरवणे यांतही अंतर आहे. आणि परीक्षेत काम पडते ते दुसऱ्या गोष्टीशी.

दहावीच्या विज्ञानातील भिंगांच्या पाठाचे उदाहरण घेतले तर हा फरक जवळून दिसेल. वस्तू वेगवेगळ्या अंतरांवर ठेवली असता बहिर्वक्र भिंगामुळे प्रतिमा कोठे, केवढी आणि कशी मिळते याचा सहा ओळींचा तक्ता विद्यार्थ्याला यावा लागतो. तो पाच वेळा वाचला की सगळे सोपे वाटू लागते. आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर रिकामा तक्ता आखला, तर पहिली ओळ सहज भरली जाते, कारण अनंत अंतरावरच्या वस्तूची प्रतिमा नाभीपाशी मिळते हे लक्षात राहिलेले असते. पण वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्यामध्ये असेल तेव्हा काय होते, याच्यापाशी पेन थांबते. हे थांबणे हीच उजळणीची खरी सुरुवात होय. मिनिटभर आठवण्याचा प्रयत्न करावा, मग पुस्तक उघडून तेवढीच ओळ पाहावी आणि पुस्तक मिटून ती पुन्हा लिहावी. मुख्य अक्षाला समांतर आलेला किरण अपवर्तनानंतर नाभीतून जातो आणि प्रकाशीय केंद्रातून जाणारा किरण वळत नाही, हे दोन नियम ज्याला उमगले आहेत, तो विसरलेली ओळसुद्धा आकृती काढून परत मिळवू शकतो: प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे, वस्तूपेक्षा मोठी, वास्तव आणि उलटी. पाठांतर आणि आकलन यांना एकमेकांचे शत्रू मानण्याची प्रथा आहे. पण आठवण्याचा सराव केला की कोणती गोष्ट नुसती पाठ केली होती आणि कोणती समजली होती, हे विद्यार्थ्याचे त्यालाच कळून येते.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींबद्दलच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास अनेक दिवसांत विभागणे या दोनच पद्धतींना त्यांनी सर्वाधिक उपयुक्त ठरवले. ओळी रंगवणे, पुन्हा वाचणे आणि सारांश काढणे या विद्यार्थ्यांच्या आवडत्या पद्धती कमी उपयुक्त पद्धतींत मोडल्या. गाईडमधील तयार उत्तरे वाचण्याबद्दलही याच तर्काने शंका घ्यावी लागते, कारण त्या उत्तरासाठी आठवण्याचे आणि मांडणीचे कष्ट दुसऱ्याने केलेले असतात आणि त्या कष्टांचा लाभही त्यालाच मिळालेला असतो.

थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा

परवच्याचा दुसरा गुण म्हणजे त्याचे विभागलेपण. एबिंगहाउसला आपल्या प्रयोगांत असे आढळले होते, की बारा अक्षरगटांची यादी एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा म्हटल्याने जेवढे साधते, तेवढेच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी साधते. दोन उजळण्यांमध्ये अंतर ठेवण्याच्या या लाभाला 'अंतराचा परिणाम' म्हणतात. अंतर पडले की थोडे विसरायला होते, त्यामुळे पुढच्या वेळी आठवायला जोर लावावा लागतो आणि तो जोरच स्मृतीला पक्के करतो. अशा उपकारक कष्टांना रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने दिलेल्या नावाचा आशय 'हव्याशा अडचणी' असा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेली घोकंपट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी काही अंशी कामाला येते हे खरे. पण पुढच्या वर्गात त्याच पायावर नवा भाग रचायचा असतो तेव्हा हाती फारसे काही उरलेले नसते.

प्रत्यक्ष व्यवहारात हे अंतर वाढते ठेवावे. आज शिकलेल्या धड्यातील प्रश्न उद्या पुस्तक मिटून सोडवावेत, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. म्हणजे जुलैत शिकलेला पाठ फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेपर्यंत पाच-सहा वेळा हाताखालून जातो आणि प्रत्येक वेळी त्याला पहिल्यापेक्षा कमी वेळ पुरतो. याची नोंद ठेवण्याची एक सोपी युक्ती जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर याने १९७२ च्या आपल्या पुस्तकात मांडली. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहून ही कार्डे पाच कप्प्यांच्या खोक्यात ठेवायची. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि चुकले की कितव्याही कप्प्यातून थेट पहिल्यात परत येते. पहिला कप्पा रोज पाहायचा आणि पुढचे कप्पे उत्तरोत्तर उशिराने, त्यामुळे जे येते त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे येत नाही ते नजरेआड होत नाही. यासाठी बाजारातून काही आणावे लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी आणि मिठाईचे रिकामे खोके एवढ्यावर भागते.

क्रम मोडणे

परवच्याची एक उणीवही सांगितली पाहिजे. तालावर पाढे म्हणणाऱ्या मुलाला मध्येच 'सात आठे किती?' असे विचारले, तर ते पुष्कळदा मनातल्या मनात 'सात एके सात'पासून निघून छप्पन्नपर्यंत पोहोचते, कारण त्याच्या स्मृतीत उत्तरे सुटी नसतात. ती साखळीने बांधलेली असतात. म्हणूनच जाणते शिक्षक पाढे उलटे म्हणायला लावत, किंवा मधूनच कोठलाही गुणाकार विचारत. परीक्षेची प्रश्नपत्रिकाही हेच करते: ती धड्यांचा क्रम पाळत नाही.

गणितात ही अडचण ठळकपणे दिसते. पाठ्यपुस्तकातील सरावसंच त्या त्या घटकाखाली असतो, त्यामुळे वर्गसमीकरणांच्या प्रकरणातील उदाहरण कोणत्या घटकाचे आहे हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. त्याचे काम फक्त रीत चालवण्याचे. प्रश्नपत्रिकेत मात्र एखादे शाब्दिक उदाहरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचे आहे, वर्गसमीकरणाचे आहे की अंकगणित श्रेढीचे, हे ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो आणि त्याचा सराव घटकवार अभ्यासात होतच नाही. प्रकरणाच्या शेवटी येणाऱ्या 'संकीर्ण प्रश्नसंग्रहा'त ही सरमिसळ थोडी साधते; तथापि ती त्या प्रकरणापुरतीच राहते, म्हणून निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे विद्यार्थ्याने स्वतःच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मिसळून सोडवणे इष्ट ठरते. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्याला मिसळून दिली होती. सरावाच्या वेळी प्रकारवार गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली आणि मिसळीच्या गटाची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. सराव करताना चुका जास्त होतात म्हणून मिसळीचा अभ्यास मुलांना आणि पालकांनाही अपुरा वाटतो, पण सरावातली सफाई आणि परीक्षेतली तयारी यांची गल्लत करू नये हेच या आकड्यांवरून दिसते.

झोप, आणि उत्तरपत्रिकेचे तीन तास

जागरण करून अभ्यास वाढतो हा समज जुना आहे, तसाच त्याच्या विरोधातला पुरावाही जुना आहे. जॉन जेन्किन्स आणि कार्ल डॅलेनबाख यांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले, की पाठ केलेल्या अक्षरगटांचे विस्मरण तेवढ्याच तासांच्या जागेपणापेक्षा झोपेत कमी होते. दिवसभरात शिकलेले झोपेत स्थिर होते, या मताला पुढील संशोधनानेही दुजोरा दिला आहे. त्याशिवाय अपुऱ्या झोपेचा फटका कार्यकारी स्मृतीला, म्हणजे चालू विचारातले दोन-चार घटक एकाच वेळी मनासमोर धरून ठेवणाऱ्या क्षमतेला बसतो, आणि उदाहरण सोडवताना नेमकी हीच क्षमता लागते. परीक्षेची धास्तीही तिच्यातलीच जागा अडवते, कारण 'आपले कसे होणार' हा विचार समीकरणाच्या शेजारी बसून राहतो.

या धास्तीवर उपदेशापेक्षा सवयीचा उतारा अधिक चालतो. पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, टेबलाशी बसून, मध्ये न उठता सोडवण्याचा सराव आठ-दहा वेळा झाला असेल, तर परीक्षागृहातली शांतता, पर्यवेक्षकांच्या येरझाऱ्या आणि सरकणारे काटे यांतले नवखेपण बरेच ओसरलेले असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत भाषेची ८० गुणांची प्रश्नपत्रिका तीन तासांची असते आणि गणित व विज्ञान यांचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, दोन तासांचा असतो. भाषेत एका गुणाला दोन मिनिटे हे प्रमाण धरले, तर १६० मिनिटांत लेखन पूर्ण होऊन २० मिनिटे हातात राहतात. गणितात गुणाला अडीच मिनिटे धरली, तर १०० मिनिटे लागतात आणि तिथेही २० मिनिटे उरतात. ही उरलेली मिनिटे प्रश्न नीट वाचण्यासाठी आणि शेवटी तपासणीसाठी असतात. परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला मिळणारी दहा मिनिटे २०२३ पासून वेळेच्या शेवटी जोडून दिली जाऊ लागल्यामुळे, वाचनाचा वेळ आपल्याच हिशेबात धरण्याची गरज आता अधिक आहे.

उत्तर लिहिताना प्रश्नातील क्रियापदाकडे लक्ष द्यावे लागते. 'फरक स्पष्ट करा' असे विचारले असताना दोन्ही संज्ञांच्या वेगवेगळ्या व्याख्या लिहिल्या, तर त्यांची एकेका मुद्द्यावर तुलना होत नाही. 'शास्त्रीय कारणे लिहा' असे म्हटल्यावर घटनेचे वर्णन पुरत नाही, त्यामागचे तत्त्व नाव घेऊन सांगावे लागते. आणि 'कोणतेही दोन' हे शब्द नजरेतून सुटले, तर न मागितलेल्या उत्तरांवर मिनिटे खर्च होतात. गणितात पायऱ्यांना गुण असल्यामुळे शेवटचे उत्तर चुकले तरी सूत्र आणि मांडणी यांचे गुण पदरात पडू शकतात, म्हणून मनातल्या मनात केलेली पायरीही कागदावर यावी. एखादा प्रश्न अगदीच आठवत नसेल, तर त्याच्याशी झगडत बसण्यापेक्षा जागा सोडून पुढे जाणे शहाणपणाचे असते, कारण पुढच्या प्रश्नातील एखादा शब्द मागच्या उत्तराचा धागा अनेकदा आपसूक हाती देतो.

परवच्याचा तिसरा गुण, म्हणजे ऐकणारे माणूस, हा आजच्या अभ्यासातून सर्वांत अधिक हरवलेला आहे. क्लास, टेस्ट सिरीज आणि मोबाइलवरचे व्हिडिओ यांच्या गर्दीत मूल ऐकते पुष्कळ, पण त्याचे ऐकून घेणारे कोणी नसते. या कामाला विषयाचे ज्ञान लागत नाही. भिंगांचे नियम आयुष्यात कधी न शिकलेली आजीसुद्धा पुस्तक उघडून धड्याखालचे प्रश्न विचारू शकते, नातवाचे उत्तर छापील ओळींशी ताडून पाहू शकते आणि तो अडखळला की 'पुन्हा सांग' म्हणू शकते. उजळणीच्या वेळी पुस्तक कोणाच्या हातात आहे, यावर बरेच काही ठरते. आणि ते विद्यार्थ्याच्या हातात नसावे, ऐकणाऱ्याच्या हातात असावे, ही परवच्याची रीत आजही तितकीच लागू आहे.